अकोल्याचे अंबादास आपल्याला कधी कळणार?

अकोला म्हटले की चळवळीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दसऱ्यानंतरच्या धम्म मेळाव्याची गर्दी येते, 'अकोला पॅटर्न' येतो, जिल्हा परिषदेच्या निवडणुका येतात. हे सारे आपल्या अभिमानाचेच आहे. परंतु याच अकोल्यात १९२२ साली जन्मलेला एक माणूस भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात स्वतःचे पान लिहून गेला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव अंबादास खोब्रागडे. खोब्रागडे हे आडनाव ऐकताच आपल्याला बॅरिस्टर राजाभाऊ आठवतात. चित्रकार खोब्रागडे मात्र आठवत नाहीत. कलेच्या जगात तर ते नुसते 'अंबादास' म्हणूनच ओळखले गेले.

आम्ही पातूरकर. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, डोंगराच्या पायथ्याचे आमचे गाव. गावाजवळ काळ्या पाषाणात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. ती कोणी कोरली, त्या कारागिरांची नावे काय, याची नोंद कुठेही नाही. लेणे कोरायचे तर दगड काढत जावे लागते. जे उरते तेच घर, तेच खांब. ज्यांनी हे केले ते वास्तुकारही होते आणि कलावंतही. त्यांची नावे काळाने पुसली, त्याला आपला इलाज नाही. पण जो माणूस परवापरवापर्यंत, २०१२ पर्यंत हयात होता, त्याचे नाव पुसले जात असेल तर तो दोष काळाचा कसा म्हणावा?

अंबादास काही काळ अहमदाबादला रविशंकर रावळ यांच्याकडे चित्रकला शिकले. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत दाखल झाले आणि १९५२ मध्ये तिथली पदविका घेऊन बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय तिशीचे होते. ज्या वयात घरचे लोक 'आता नोकरीचे बघा' म्हणतात, त्या वयात त्यांचे शिक्षण पुरे झाले. पोटासाठी त्यांनी हातमागाच्या विणकर सेवा केंद्रात डिझायनर म्हणून काम केले. विणकरांसाठी नक्षी काढायची आणि उरल्या वेळात आपले चित्र रंगवायचे, असा तो संसार होता. नोकरीने त्यांच्यातला चित्रकार मारला नाही, हे आमच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतील भावनगर येथे काही तरुण चित्रकार एका घरी जमले. त्या घराचा क्रमांक होता १८९०. म्हणून गटाचे नाव पडले 'ग्रुप १८९०'. जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख अशा बारा जणांत आमचे अंबादासही होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीच्या रवींद्र भवनात या गटाचे प्रदर्शन भरले. उद्घाटन पंतप्रधान पंडित नेहरूंनी केले आणि पुस्तिकेची प्रस्तावना लिहिली मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत, कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी. याच पाझ यांना पुढे १९९० मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. या गटाने राजा रविवर्म्याच्या शैलीचा वारसा नाकारला, बंगाल शैलीचा भाबडा ग्रामीण स्वप्नाळूपणा नाकारला आणि युरोपच्या उसन्या शैलींची नक्कलही नाकारली. गट एकच प्रदर्शन करून विखुरला. पण २०१६ मध्ये दिल्लीत त्याच्यावर पुन्हा मोठे प्रदर्शन भरवावे लागले, इतका त्याचा ठसा राहिला.

१९७२ मध्ये अंबादास नॉर्वेला गेले आणि अखेरपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ऑस्लोचेच होऊन राहिले. त्यांच्या चित्रात माणूस नाही, देव नाही, झाड नाही, घर नाही. ब्रशचे लांब, वळत जाणारे फटकारे आहेत. पुराच्या पाण्यासारखे ते एकमेकांवर येतात, एकमेकांतून वाट काढतात आणि कॅनव्हासच्या कडेवरही थांबत नाहीत. एका चित्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हा प्रवाह त्यांनी जन्मभर वाहता ठेवला. बाजारात काय खपते हे पाहून त्यांनी वळण बदलले नाही.

आता आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतील, यात आंबेडकरी काय? यात ना बाबासाहेब, ना बुद्ध, ना गावकुसाबाहेरचे दुःख. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. आपल्या लेखकाने, आपल्या चित्रकाराने फक्त आपली जखमच दाखवावी, ही अपेक्षा मुळात कोणाची? ती प्रस्थापितांची आहे. त्यांना आपल्याकडून वेदना हवी असते. विचार, रंग, रूप, अवकाश हा प्रांत ते स्वतःसाठी राखून ठेवतात. 'तुम्ही तुमचे दुःख सांगा, सौंदर्याचे आम्ही पाहू', असा हा कामाचा वाटा आहे. आणि कामाचे वाटे जन्मावरून पाडणे म्हणजे काय, हे आंबेडकरी माणसाला शिकवायला नको. वेदनेचे चित्र काढणारे कलावंत आपल्याला हवेतच, त्यांच्या कामाचे मोल मोठे आहे. पण ज्याला कसलाही आकार न काढता केवळ रंगाचा प्रवाह रंगवायचा आहे, त्याचाही तो हक्क आहे. अंबादास यांनी तो हक्क कोणाला विचारून घेतला नाही, बजावला. आमच्या मते हे स्वातंत्र्यच आहे.

बाबासाहेबांनी उतारवयात चित्रकलेचे धडे घेतले, व्हायोलिन शिकले. राजगृह उभारताना त्यांनी सर्वांत आधी ग्रंथांचा विचार केला. कला ही श्रीमंतांची चैन आहे, असे त्यांनी मानले नाही. आपण मात्र दीक्षाभूमीच्या स्तूपाखाली लाखोंनी उभे राहतो आणि त्याचा आराखडा वास्तुविशारद शिवदानमल यांनी केला, हे मुलांना सांगत नाही. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर यापलीकडे आपल्या स्वप्नांची यादी जात नाही.

जयंतीला वस्तीवस्तीत चित्रकला स्पर्धा होतात. पहिला आलेल्या पोराला कंपासपेटी मिळते आणि तिथेच त्याची चित्रकला संपते. ती संपू द्यायची नसेल तर काही कामे आजच हाती घ्यावी लागतील. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना आपली मुले बसवावीत. त्याचे वाढीव गुण दहावीला मिळतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला शिक्षणाची सोय आहे, तिच्या प्रवेश परीक्षेची माहिती विहारात लावावी. ज. जी. ही संस्था २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिथे आपल्या मुलांच्या जागा आणि सवलती शाबूत राहतात की नाही, यावर संघटनांनी डोळा ठेवावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती कला शिकू पाहणाऱ्या पोरापोरींनीही डोळ्यांपुढे ठेवावी.

आणि एक मागणी. अकोल्यात अंबादास खोब्रागडे यांच्या पूर्ण नावाचे कायमस्वरूपी कलादालन असावे, आणि पातूर, बाळापूर, बार्शीटाकळीच्या मुलांना वर्षातून एकदा तरी तिथे नेले जावे. पुतळ्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या समाजाला हे जड नाही. ऑस्लोला ज्यांना जागा मिळाली, त्यांना अकोल्यात चार भिंती मिळू नयेत, हे आपल्याला शोभणारे नाही.