जेल रोडवरचा अभ्यास

नाशिक रोडला प्रेस आणि तुरुंग एकमेकांपासून फार लांब नाहीत. प्रेसमध्ये १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात. तुरुंगामुळे जेल रोडला त्याचे नाव मिळाले. पैसा माणसाच्या श्रमातून कसा निघतो आणि पुन्हा त्याच माणसाच्या मानेवर कसा बसतो, हे समजून घेण्यासाठी १९३२-३३ साली काही तरुण राजबंदी या तुरुंगात मार्क्सचा अभ्यास करत होते.

सविनय कायदेभंगाची दुसरी फेरी ओसरत चालली होती. जयप्रकाश नारायण सप्टेंबर १९३२ मध्ये मद्रासला पकडले गेले आणि नाशिकला आणले गेले. अमेरिकेत शिकत असताना त्यांनी कॅलिफोर्नियात द्राक्षे खुडण्याची मजुरी केली होती आणि विस्कॉन्सिनमध्ये मार्क्स वाचला होता. मजुरी आणि तिचे शास्त्र, दोन्ही त्यांनी अनुभवले होते. तुरुंगात त्यांना मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी, एम. एल. दांतवाला भेटले. लढ्यात शेतकरी आणि कामगार शेवटपर्यंत का टिकत नाहीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर त्यांनी मालमत्तेच्या संबंधांत शोधले. मे १९३४ मध्ये पाटण्याला आचार्य नरेंद्र देवांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस समाजवादी पक्षाची जुळणी झाली, तिचा पाया नाशिकच्या या चर्चांमध्ये होता.

याच तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. ती आपण मातृप्रेमाची कथा म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण सावकाराचे कर्ज, जप्ती आणि अंथरुणाला खिळलेली आई ही प्रकरणे वाचताना मला नेहमी वाटत आले आहे की त्या भिंतींच्या आत एकच दुःख दोन भाषांत लिहिले जात होते. एका भाषेत त्याला शोषण म्हणत होते, दुसरीत आईचे डोळे पुसत होते.

त्या अभ्यासातून निघालेल्या वाटा मात्र किती फाकल्या! अच्युतराव बेचाळीसच्या भूमिगत लढ्यानंतर काही वर्षांत राजकारणातूनच बाजूला झाले. जयप्रकाश सर्वोदयाकडे गेले. अशोक मेहता नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. मसानींनी १९५९ मध्ये राजाजींबरोबर खुल्या बाजाराचा कैवार घेणारा स्वतंत्र पक्ष उभा केला. मार्च १९४८ मध्ये समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा ठराव केला, तोही नाशिकच्याच अधिवेशनात. मार्क्सचे पुस्तक तेच होते. प्रत्येकाने त्यातून आपल्या काळाला लागेल तेवढे घेतले, आणि यात मला काही गैर वाटत नाही.

खटकते ते वेगळेच. तुरुंगापासून आठ-दहा किलोमीटरवर, पंचवटीत, २ मार्च १९३० पासून अस्पृश्यांचा काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह चालू होता. मंदिराच्या दाराशी मार खाणारी माणसे कष्टकरीच होती, तरी दुसरा कष्टकरी त्यांच्याबरोबर उभा राहत नव्हता. का, याचे उत्तर त्या वेळच्या समाजवादी वाचनात सापडत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पुढच्याच वर्षी लाहोरच्या न झालेल्या भाषणात त्यांनी समाजवाद्यांना थेट विचारले. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. मग आधी तिला भिडल्याशिवाय तुमची क्रांती कोण करणार? माझ्या मते मार्क्सच्या भारतीय वाचनातला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि त्याची पूर्वपीठिका नाशिक जिल्ह्यात घडली.

या प्रश्नाशी पुढे ज्यांनी झुंज घेतली त्यांतले एक बाबुराव बागूल. जन्म १९३० चा, नाशिक रोडलगतच्या विहितगावचा. मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना आंबेडकर आणि मार्क्स दोन्ही भेटले, आणि त्यांनी कोणालाच सोडले नाही. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. त्यातला कामगार कारखान्याच्या दाराशी जात काढून ठेवू शकत नाही. शेजारच्या धुळ्याच्या शरद पाटलांनी हेच काम सिद्धांतात केले आणि त्यासाठी संस्कृत व्याकरणापर्यंत उतरले. आणि दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे दादासाहेब गायकवाड! पुस्तकाच्या वादात न पडता त्यांनी १९५९ मध्ये भूमिहीनांना पडीक जमिनीसाठी सत्याग्रहात उतरवले आणि कम्युनिस्टांना बरोबर घेतले. त्याबद्दल त्यांनी स्वकीयांची बोलणी खाल्ली.

मराठीत ‘वरकड मूल्य’ हा शब्द रुळला आहे. मजुरीपुरते काम झाल्यावरही मजूर राबतो, ते वरचे काम मालकाचे होते, एवढाच त्याचा गाभा. सुरगाणा-पेठहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणाऱ्या मजुराला तो समजवावा लागत नाही. पण बागायतदार स्वतः बँकेच्या आणि निर्यातदाराच्या हिशेबात अडकलेला असतो, तेव्हा मालक कोण? १९८० मध्ये शरद जोशींनी कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिकचे रस्ते अडवले ते याच प्रश्नावर. त्यांचे म्हणणे होते की मार्क्सने कारखान्यातली लूट पाहिली, शेतातली पाहिली नाही. भांडवल उभे राहते ते शेतमालाच्या पाडलेल्या भावातून. भाव मिळाला तर मजुरीही वाढेल, अशी त्यांची मांडणी होती. पहिला भाग मला पटतो, दुसरा नाही. भाव चढला म्हणून मजुरी आपोआप चढत नाही. शेतमालाचे भाव सुचवणारा सरकारी कृषिमूल्य आयोग १९६५ मध्ये स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते दांतवाला, नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाशांबरोबर बसणारे.

६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, कळवणचे आदिवासी १८० किलोमीटर चालत मुंबईला पोचले. मुख्य मागणी होती २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या प्लॉटवर नाव लागावे ही. लाल झेंड्याखाली मालकीची मागणी! पोथीनिष्ठ वाचकाला हे चुकीचे वाटेल. मार्क्सला वाटले नसते. १८८१ मध्ये रशियन क्रांतिकारक व्हेरा झासुलिचने रशियातल्या गावाच्या सामायिक जमिनीबद्दल विचारले, तेव्हा त्याने उत्तराचे अनेक मसुदे केले आणि शेवटी लिहिले की ‘भांडवल’ या ग्रंथातली आपली मांडणी पश्चिम युरोपपुरती आहे. आयुष्याच्या उतारावर स्वतःचे पुस्तक असे वाचायला मोठे मन लागते.

सरकारने तेव्हा लेखी आश्वासन दिले, तरी कसतात त्याहून कमी क्षेत्र नावावर लागल्याची तक्रार राहिलीच. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला आणि वासिंदला थांबला. या वेळी मागण्यांच्या यादीत वनजमिनीच्या जोडीला कांद्याला क्विंटलमागे ६०० रुपये अनुदान होते. डोंगरातला प्लॉटधारक आणि सपाटीवरचा कांदेवाला एका कागदावर आले होते.