पंचावन्न इंचांत हरवलेला बॉल

३१ ऑक्टोबर १९८७. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं मैदान, वर्ल्ड कप, समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. वर्ल्ड कपमधली ती पहिली हॅटट्रिक. मग अंगात ताप असलेल्या गावस्करनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या, वनडेतलं त्याचं एकमेव शतक. माझे बाबा त्या दिवशी स्टँडमध्ये होते. घरी ५५ इंची फोर-के टीव्ही आला तेव्हा त्यांची पहिली फर्माईश याच मॅचची. कॅसेटवरून उतरवलेलं चित्रीकरण लावलं. दोन ओव्हरींत ते म्हणाले, "अरे, बॉल कुठं दिसून राहिला?"

प्रश्न रास्त होता. दूरदर्शनचं तेव्हाचं चित्र ६२५ ओळींचं, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. डिजिटल केलं की एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर-के पडद्यावर ते ८२,९४,४००. बरोबर वीसपट! पडदा पूर्ण भरायचा तर एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस ठिपके आजूबाजूला बघून अंदाजानं भरायचे. हे काम टीव्हीतली चिप करते, त्यालाच अपस्केलिंग म्हणतात. व्हीएचएस कॅसेटवर तर प्रक्षेपणातलाही बराच तपशील उतरत नसे.

खरी गंमत पुढे आहे. त्या काळी पूर्ण चित्र एकदम येतच नसे. सेकंदाला ५० अर्धी चित्रं यायची, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. ताशी १३० किलोमीटरचा चेंडू एका अर्ध्या चित्रापासून दुसऱ्यापर्यंतच्या वेळात ७२ सेंटिमीटर पुढे सरकतो. पिक्चर ट्यूब ओळी येतील तशा उजळायची, तिला अडचण नव्हती. नव्या पडद्याला मात्र दोन अर्धी जुळवून एक चित्र करावं लागतं. जुळणी चुकली की फिरत्या बॅटच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात.

त्यात नॉइज रिडक्शन. पडद्यावरच्या मुंग्या पुसायला दिलेली ही सोय. पण लांबून घेतलेल्या दृश्यात बॉल म्हणजे तरी काय, दोन-चार ठिपके. तोही मुंगीच समजून पुसला जातो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानांत टीव्ही भडक रंगांत, शार्पनेस चढवून लावलेले असतात. घरीही आपण ते तसेच चालवतो. जुन्या चित्राला हा जाच आहे. शार्पनेस चढवला की तपशील वाढत नाही, खेळाडूभोवती पांढरी कड तेवढी उमटते. मी शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणला, नॉइज रिडक्शन आणि मधली चित्रं अंदाजानं भरणारं मोशन स्मूदिंग बंद केलं, चित्र मूळच्या ४:३ प्रमाणात ठेवलं. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या खटकतात म्हणून लोक चित्र आडवं ताणतात, ते मला सहन होत नाही. सरळ बॅटनं खेळणारा गावस्कर त्यात बसका होऊन जातो.

राहिलं अंतर. या पडद्याची उंची ६८ सेंटिमीटर. एवढ्या ओळींच्या चित्रासाठी उंचीच्या सहापट लांब बसायचा जुना हिशेब आहे, म्हणजे ४ मीटर. बाबांची खुर्ची मागे नेत नेत स्वयंपाकघराच्या दाराशी लागली.

चेतन शर्मा पुन्हा धावत आला. समोर चॅटफिल्ड.

"हा बघ," बाबा म्हणाले, "हा बघ बॉल."