लावली किती नको, जगली किती ते सांगा!

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे सोहळे सुरू होतात. खड्डा आधीच खणून ठेवलेला असतो. पाहुणे रोपाला हात लावतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी लावलेल्या झाडांचा आकडा छापून येतो. पण पुढच्या मे महिन्यात त्या खड्ड्याकडे कोण फिरकतो?

महाराष्ट्रात शासनाने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. यातले २०१८ साल आठवा. जुलैत रोपे लागली आणि ऑक्टोबर संपता संपता १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. जिथे माणसेच टँकरची वाट पाहत होती, तिथे रोपाला घागर कोण ओतणार?

रोप का मरते, हे आधी समजून घेतले पाहिजे. रोपवाटिकेत पिशवीतले रोप रोजच्या पाण्यावर वाढलेले असते. मुरमाड माळावर लावल्यावर त्याचे मूळ जेमतेम वीतभर खोल असते. पाऊस थांबला की मातीचा वरचा थर सुकतो आणि ओल खाली खाली जाते. मूळ त्या ओलीपर्यंत पोचले तर रोप जगते, नाही तर संपते.

या शर्यतीत मुळाला मदत करणारे जिवाणू मातीतच असतात. काही जिवाणू मुळाला जादा फाटे फुटतील असे द्रव्य तयार करतात. काही चिकट पदार्थ सोडतात. त्यामुळे मातीचे कण मुळाला धरून राहतात आणि तिथली ओल लवकर उडत नाही. शिवाय पाण्याचा ताण पडला की रोपात इथिलीन वायू वाढतो व मुळाची वाढ खुंटते. हा वायू ज्या द्रव्यापासून बनतो, ते द्रव्यच काही जिवाणू फस्त करतात. कॅनडातील शास्त्रज्ञ बर्नार्ड ग्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उपपत्ती १९९८ साली मांडली.

हे केवळ प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. मेक्सिकोच्या वाळवंटी भागात योआव बाशान व त्यांच्या सहकाऱ्यांनी धूप झालेल्या उजाड जमिनीवर स्थानिक झाडांची रोपे लावली. त्यांना जिवाणू दिले, सोबत थोडे कंपोस्ट आणि मोजके पाणी दिले. निष्कर्ष सरळ होता. मदत होते, पण प्रत्येक झाडाला सारखी होत नाही, आणि नुसत्या जिवाणूंवर काम भागत नाही.

आपल्याकडे हे सहज करता येण्यासारखे आहे. बाभूळ, खैर, करंज, शिसव ही शेंगवर्गीय झाडे. त्यांना रायझोबियम चालते. कडुलिंबाच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी येत नाहीत. त्याला अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम द्यावे. पिशवी भरतानाच चाळलेल्या शेणखतात जिवाणू खत मिसळावे. ते उन्हात ठेवू नये, बुरशीनाशकात किंवा रासायनिक खतात कालवू नये. आपली कृषी विद्यापीठे ही खते तयार करतात.

मात्र जिवाणू म्हणजे अंगारा नव्हे! बाटली ओतली आणि माळ हिरवा झाला, असे सांगणारा विक्रेता आणि ताईत विकणारा बुवा यांत फरक नाही. २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे त्यात ठरवून दिले गेले. म्हणून पाकिटावरची मुदत पाहा, पक्की पावती मागा. आणि खत चांगले असले तरी आळे, पालापाचोळ्याचे आच्छादन व पहिल्या दोन उन्हाळ्यांत थोडेफार पाणी यांना पर्याय नाही.

इथेच खरा प्रश्न उभा राहतो. पिशव्या भरणारे, खड्डे खणणारे, डोक्यावरून पाणी आणणारे हात कोणाचे? भूमिहीन मजुरांचे, त्यातही बायांचे. लागवडीच्या दिवसाची मजुरी मिळते; रोप जगवण्याच्या महिन्यांची मजुरी कोण देतो? रोप मेले की त्या बाईची मेहनतही मातीत जाते आणि आकडा मात्र कागदावर हिरवागार राहतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक सरकारी रोपवाटिकेत पिशवी भरतानाच योग्य जिवाणू खत वापरले जावे. उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्यांना वेळेवर मजुरी मिळावी. आणि तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांची संख्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जावी. फोटो काढणारे पाहुणे परत जातात. सावली मात्र गावाला हवी असते. तेव्हा येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि एवढेच विचारा, लावली किती ते नको, जगली किती ते सांगा!