नवा संगणक तबकडीवर अडतो तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली आणि अनेक पेढ्यांवर वर्षानुवर्षे निमूटपणे हिशोब लिहिणारे संगणक एका दिवसात वृद्ध ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत त्या बहुधा नसतात. म्हणजे नवे यंत्र घेणे आले. व्यापारी घरात अशा वेळी तयार संगणकाच्या किमतीशेजारी सुट्या भागांची किंमत मांडली जातेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेट येते, घरातला महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा पुतण्या एका दुपारी ते सारे जोडतो, पंखे फिरू लागतात, दिवे लागतात. मग विंडोजची तबकडी आत जाते, आणि काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटते: बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही.

या टप्प्यावर गल्लीतले निदान ठरलेले असते, ‘मदरबोर्ड गेला.’ हे निदान महागडे तर असतेच, शिवाय बहुतेक वेळा चुकीचेही असते. बँकेच्या खिडकीवरील कारकून ‘या नावाचे खाते नाही’ असे सांगतो, तेव्हा खिडकी उघडी आहे आणि कारकून जागेवर आहे एवढे तरी सिद्ध होते. तसेच येथेही आहे. जे यंत्र पडद्यावर तक्रार लिहू शकते, त्याचा प्रोसेसर, रॅम, पडद्याची जोडणी आणि एसएमपीएस किमान चालू आहेत. अडचण पुढे कोठेतरी आहे.

पडदा पूर्णपणे काळा राहिला, एकही अक्षर आले नाही, तर प्रश्न निराळा. तेव्हा तबकडीचा विचार सोडून प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची स्वतंत्र तार जोडली आहे का, रॅमची पट्टी ‘खट्ट’ आवाज येईपर्यंत बसली आहे का, आणि पडद्याची तार योग्य ठिकाणी आहे का, हे पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यांत चित्र दाखवण्याची सोयच नसते. तेथे वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. अनेक नव्या मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. यंत्र जेथे अडले तो दिवा पेटून राहतो. इतका सरळ साक्षीदार पुढ्यात असताना भाग बदलून पाहण्याची घाई करू नये.

तक्रारीची ओळ दिसत असेल, तर मात्र तबकडीकडे वळावे.

विंडोज सुरू होण्यापूर्वी यंत्राचा कारभार मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेल्या छोट्या प्रणालीकडे असतो. पूर्वी तिला बायॉस म्हणत. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ते नाव घरोघरी गेले. आता तिची जागा यूईएफआयने घेतली आहे, तरी बोलण्यात बायॉस हाच शब्द टिकून आहे. या प्रणालीला तबकडीवरील हजारो फाइली समजत नाहीत. ती फक्त ठरलेल्या जागी ठरलेली खूण शोधते. सीडीवरून यंत्र सुरू करण्याचे नियम फीनिक्स आणि आयबीएम यांच्या तंत्रज्ञांनी १९९५ मध्ये ठरवले आणि त्यांना ‘एल टोरिटो’ हे एका उपाहारगृहाचे नाव मिळाले. त्या नियमांनुसार तबकडीच्या १७ व्या कप्प्यात एक नोंद असावी लागते. ती नोंद पुढील सूचीकडे बोट दाखवते आणि सूचीत सुरुवातीच्या प्रणालीचा पत्ता असतो. नोंद नसेल, तर तबकडीवर विंडोजच्या साऱ्या फाइली असूनही यंत्राच्या दृष्टीने ती बूट होणारी तबकडी नव्हेच.

घरी बनवलेल्या तबकडीत नेमकी येथेच फसगत होते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेली आयएसओ फाइल म्हणजे संपूर्ण तबकडीची हुबेहूब प्रतिमा असते. ती ‘इमेज’ म्हणून उतरवायची असते. साधी फाइल म्हणून डीव्हीडीवर टाकली, तर त्या नोंदीचा पत्ताच राहत नाही. परीक्षा सोपी आहे. ती तबकडी दुसऱ्या संगणकात उघडावी. आत एकच मोठी आयएसओ फाइल दिसली, तर तबकडी चुकली. ‘बूट’, ‘ईएफआय’, ‘सोर्सेस’ असे फोल्डर दिसले, तर बहुधा बरोबर आहे. आणखी एक अडचण आकाराची. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात आणि विंडोज ११ ची आयएसओ त्याहून मोठी असते. दुहेरी थराची डीव्हीडी घ्यावी, नाहीतर किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने तयार करावा. तबकडीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा: एकदा लिहिलेल्या तबकडीवर पुढे कोणताही व्हायरस चढू शकत नाही.

‘कॉपी’ म्हणून पन्नास-शंभर रुपयांत मिळणाऱ्या तबकड्यांविषयी एवढेच म्हणावे की ज्या यंत्रावरून पेढीची नेट बँकिंग चालणार, त्याचा पाया कोणी आणि कशात फेरफार करून घातला आहे हे ठाऊक नसणे परवडणारे नाही. आयएसओ विनामूल्य मिळते. पैसे परवान्याचे लागतात.

तबकडी चोख असूनही यंत्र तिच्याकडे वळत नसेल, तर यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ची कळ दाबून बायॉसमध्ये जावे आणि तेथे डीव्हीडी ड्राइव्हचे नाव दिसते का ते पाहावे. नाव नसेल तर दोष तारेत आहे. साटा ड्राइव्हला दोन तारा लागतात, एक विजेची व एक माहितीची; घाईत दुसरी राहून जाते. याहून फसवे कारण असे की काही मदरबोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की ठरावीक साटा जोडण्या आपोआप बंद होतात. ड्राइव्ह ठीक, तार ठीक, तरी यंत्राला काही दिसत नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे एका ओळीत छापलेले असते, आणि ती पुस्तिका बहुधा खोक्यातच राहिलेली असते. आजच्या कित्येक कॅबिनेटांत डीव्हीडी ड्राइव्हला जागाच नसते, म्हणून बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह वापरतात. तो पुढच्या जोडणीवर पुरेशी वीज न मिळाल्याने घुटमळतो. मागच्या जोडणीला लावून पाहावा.

नाव दिसत असेल, तर एफ८, एफ११ किंवा एफ१२ पैकी त्या मदरबोर्डची जी कळ असेल ती दाबून बूट-यादी उघडावी. एकच ड्राइव्ह तेथे कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. तबकडीच्या सूचीत जुन्या आणि नव्या पद्धतीचे पत्ते वेगवेगळे असतात, त्याचा हा परिणाम. विंडोज ११ साठी यूईएफआयचीच ओळ निवडावी. त्यानंतर पडद्यावर ‘प्रेस एनी की’ अशी ओळ येते ती जेमतेम पाच सेकंद. तेवढ्यात कळ दाबली नाही, तर यंत्र तबकडी सोडून रिकाम्या डिस्ककडे जाते आणि बूट करण्याजोगे काही नसल्याची तक्रार करते. कित्येक ‘गेलेले’ मदरबोर्ड या पाच सेकंदांत गेलेले असतात.

जुन्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ च्या जुन्या तबकडीचा हट्ट काही ठिकाणी अजून दिसतो. नव्या यंत्रावर तो सोडलेलाच बरा. सिक्युअर बूट चालू असताना ती तबकडी नाकारली जाते. ते बंद केले तरी पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड आणि माउस निश्चल होतात, कारण नव्या यूएसबी जोडण्यांची ओळख त्या तबकडीत नाही.

येथवरच्या सर्व अडचणींत जाते ती एखादी दुपार. खरी जोखीम तबकडी सुरू झाल्यानंतर येते. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क ‘हिशोब लगेच हाताशी हवेत’ म्हणून नव्या यंत्रात आधीच जोडलेली असते. विंडोज कोठे बसवायचे असे विचारताना पडद्यावर ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ एवढीच नावे येतात; पेढीचे नाव त्यांवर लिहिलेले नसते. चुकीच्या ओळीवर ‘डिलीट’ दाबले की वर्षांचे खाते-उतारे, बिले आणि साठ्याच्या नोंदी गेल्या. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवणे बंधनकारक आहे. डिस्क पुसली गेली हे कारण तपासणीत उपयोगी पडत नाही.

दुसरा धोका छुपा आहे. नवीन विंडोज नव्या एसएसडीवर बसले, तरी सुरुवातीच्या फाइली जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या विभागात जाऊन बसू शकतात. सारे सुरळीत चालते; काही महिन्यांनी जुनी डिस्क काढली की नवा संगणक पुन्हा तीच काळी ओळ दाखवतो, आणि आता दोष कोणाला द्यावा हे कोणालाच कळत नाही.

म्हणून यंत्र बंद करून जुनी डिस्क काढून ठेवावी आणि एकटी नवी एसएसडी जोडून विंडोज बसवावे. त्याआधी हिशोबाचा बॅकअप दोन वेगळ्या जागी घेतलेला असावा, आणि त्यांतला एक उघडून पाहिलेला असावा. जुन्या डिस्कवर बिटलॉकर असेल, तर तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-चावी जुना संगणक चालू असतानाच कागदावर उतरवून घ्यावी. नव्या यंत्रात डिस्क जोडताच ती मागितली जाते.

विंडोज बसत असताना संगणक मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि ‘प्रेस एनी की’ ही ओळ परत येते. या वेळी हात आवरावा. कळ दाबली की स्थापना पहिल्यापासून सुरू होते. प्रत येत असताना मध्येच फाइल वाचता येत नसल्याची चूक दाखवली, तर तबकडीवरील ओरखडे पाहावेत, मग रॅमची एकच पट्टी ठेवून पुन्हा करून पाहावे. डेस्कटॉप दिसला की तबकडी बाहेर काढावी, यंत्र पूर्ण बंद करून जुनी डिस्क जोडावी, सॉफ्टवेअर चढवावे आणि मागील ३१ मार्चची तेरीज उघडून छापील प्रतीशी रुपया-पैशासह ताडून पाहावी.