पंच उठून गेला, आता माप कोण तपासणार?

जागतिक व्यापार संघटनेचे नाव आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी पुष्कळदा ऐकले आहे. पण भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाशी तिचा संबंध काय, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. चादरींच्या एका खटल्यावरून तो चांगला लक्षात येतो.

1997 साली युरोपीय समुदायाने भारत, पाकिस्तान व इजिप्त येथून येणाऱ्या सुती चादरी-अभ्र्यांविरुद्ध डंपिंगविरोधी शुल्काचा निर्णय घेतला. डंपिंग म्हणजे घरच्या भावापेक्षा स्वस्त दराने परदेशात माल खपवणे. हा आरोप सिद्ध करताना हिशेबात एक खोट होती. समजा, एका जातीची चादर परदेशात दहा रुपये स्वस्त विकली आणि दुसरी दहा रुपये महाग. सरळ बेरीज शून्य येते. युरोपने मात्र स्वस्तीचे दहा धरले आणि महागाईच्या जागी शून्य लिहिले. कुरआनातील सूरह अल्-मुतफ्फिफीनचा आरंभच मापात मारणाऱ्यांच्या निषेधाने होतो. येथे माप कागदावर मारले गेले होते.

भारताने 1998 साली जिनिव्हात तक्रार नेली. 1 मार्च 2001 रोजी संघटनेच्या अपील मंडळाने ही पद्धत नियमबाह्य ठरवली आणि युरोपला फेरहिशेब करावा लागला. ना फौज, ना धमकी. केवळ नियम आणि पंच यांच्या जोरावर इन्साफ मिळाला.

आज हा पंच जागेवर नाही. अपील मंडळात सात सभासद असतात व एका अपिलाला तिघे लागतात. शून्य लिहिण्याची तीच पद्धत अमेरिकाही वापरत होती व तीही या मुद्द्यावर वारंवार हरली. पंच आपल्या अधिकाराबाहेर जातात, असे म्हणून तिने नव्या नेमणुका रोखल्या. तेथे निर्णय सर्वसंमतीने होतात, त्यामुळे एकाचा नकारही पुरतो. डिसेंबर 2019 पासून मंडळ ठप्प आहे. खालचा निकाल विरुद्ध गेला की हरणारा अपील करतो आणि प्रकरण तसेच पडून राहते. साखरेच्या वादात जानेवारी 2022 मध्ये भारतानेही हाच मार्ग धरला.

नवल असे की, ही घडी बसवण्यात अमेरिकाच पुढे होती. 1947 साली 23 देशांनी गॅट करार केला. त्यातूनच 1995 साली जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. एकाला दिलेली सवलत सर्वांना द्यायची, हे तिचे मूळ तत्त्व. चीन 2001 साली सभासद झाला व मालाच्या निर्यातीत अमेरिकेच्या पुढे गेला, तेव्हा जुन्या पुढाऱ्याला आपलेच नियम जाचू लागले. 27 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेने भारतीय मालावरचे वाढीव शुल्क एकूण 50 टक्क्यांवर नेले. त्यातील निम्म्याला रशियन तेलाच्या खरेदीचे कारण दिले. असे दर वरखाली होत राहतात. पण ज्याची ऑर्डर थांबते, त्या शिवणकाम करणाऱ्याला आणि कोरे कापड विणणाऱ्याला दाद मागायला जागा उरत नाही.

चीननेही सर्वांचा पंच होण्याचा भार उचललेला नाही. 2020 साली युरोपीय संघ, चीन व इतर काही देशांनी आपापसात तात्पुरती लवाद व्यवस्था केली. भारत तीत सामील झाला नाही. सहकार्य संपले नाही, पण ते तुकड्यांत विभागले गेले आहे. सर्वांसाठी एक नियम, याऐवजी दोघा-दोघांचे करार वाढत आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा करार 1 मे 2022 पासून लागू झाला. ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी सही झाली.

या करारांतील सवलत आपोआप मिळत नाही. माल भारतातच तयार झाला, हे दाखवणारा उगमाचा दाखला लागतो. त्यासाठी सूत कोठून घेतले, प्रक्रिया कोठे झाली, हे विचारले जाते. आपल्या मोहल्ल्यांतील पुष्कळ माल अजून कच्च्या चिठ्ठीवर फिरतो. स्वतः निर्यात न करणाऱ्या कारागिराचा मालही शेवटी निर्यातदाराच्याच हाती जातो आणि त्याला पक्की बिलेच लागतात. म्हणून सूताची खरेदी, मजुरी व रंगाई यांची बिले तारीखवार ठेवावीत आणि सर्व माल एकाच देशाच्या गिऱ्हाइकावर सोपवू नये. जिनिव्हातील पंच परत येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपल्या मालाची साक्ष आपल्या वहीनेच द्यायची आहे.