कोंड्याला तेलाचे खाद्य

थंडी पडू लागली की डोक्यात कोंडा होतो आणि गडद कपड्यांच्या खांद्यावर पांढरा भुसा दिसू लागतो. ‘डोकं कोरडं पडलंय, तेल चोळ’ असे घरातली वडीलधारी मंडळी लगेच सांगतात. रात्री वाटीभर तेल जिरवले जाते. दोन दिवस कोंडा दिसत नाही. पण तो गेलेला नसतो, तेलाने चिकटून बसलेला असतो. पुढे खाज पुन्हा सुरू होते.

कोंड्याचे मूळ बहुधा कोरडेपणात नसून एका यीस्टमध्ये असते. पाव फुगवणारे यीस्ट आपल्याला ठाऊक आहे. तशीच एक एकपेशीय बुरशी माणसाच्या त्वचेवर राहते. तिचे नाव मॅलॅसेझिया. लुई शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये तिचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले.

तेल, तूप, चरबी हे सारे पदार्थ मेदाम्लांचे बनलेले असतात. प्रत्येक पेशीला वाढीसाठी मेदाम्ले लागतातच आणि बहुतेक सजीव ती स्वतः तयार करू शकतात. मॅलॅसेझियाला ते जमत नाही. मेदाम्ले बनवणारे जनुकच तिच्याकडे नाही, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. प्रयोगशाळेत ती वाढवायची तर तिला ऑलिव्हसारखे तेल पुरवावे लागते. आपल्या डोक्यावर तिची भूक तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या स्निग्ध पदार्थावर भागते. वयात येताना या ग्रंथी जोमाने काम करू लागतात, म्हणून कोंडाही त्याच वयात सुरू होतो.

हे यीस्ट स्निग्ध पदार्थाचे विघटन करते, आपल्या सोयीची मेदाम्ले वापरते आणि ओलेइक आम्लासारखी उरलेली त्वचेवरच सोडून देते. खरी कुरापत या उष्ट्याची! त्वचेच्या पेशी तळाच्या थरात जन्मतात आणि पक्व होत वर सरकतात. केव्हा पक्व व्हायचे याचा इशारा त्यांना कॅल्शियमकडून मिळतो. ओलेइक आम्लामुळे पेशींत कॅल्शियम अवेळी शिरते आणि त्यांची वाढ बिघडते, असे २००५ मध्ये जपानी संशोधकांना आढळले. अशा अर्धवट पक्व पेशी सुट्या गळण्याऐवजी पुंजक्यांनी सुटतात. तोच कोंडा.

मग सर्वांनाच कोंडा का होत नाही? २००५ मध्येच झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात काही माणसांच्या डोक्याला ओलेइक आम्ल लावण्यात आले. ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती होती त्यांना पापुद्रे सुटले, इतरांना नाही. म्हणजे यीस्ट सर्वांच्या डोक्यावर, पण त्रास काहींनाच. म्हणून कोंडा संसर्गजन्य नाही आणि तो अस्वच्छतेचे लक्षणही नाही.

तेव्हा कोंडा असेल तर डोक्याच्या त्वचेवर तेल थापून रात्रभर ठेवू नका. लावायचेच तर केसांच्या टोकांना थोडे लावा. किटोकोनॅझोल असलेला शाम्पू या यीस्टची वाढ रोखतो. तो आठवड्यातून दोनदा लावावा, तीन ते पाच मिनिटे डोक्यावर राहू द्यावा आणि मग धुवावा. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. यीस्ट कायमचे जात नाही, त्यामुळे कोंडा पुन्हा होऊ शकतो. त्यात घाबरण्याचे कारण नाही.

मात्र जाड, चंदेरी खवले, पू, किंवा लहान मुलाच्या डोक्यावर केस गळून पडलेला चट्टा दिसला, तर तो साधा कोंडा समजू नका. तो सोरायसिस किंवा नायटा असू शकतो. अशा वेळी शेजाऱ्याने सुचवलेली मलमाची ट्यूब लावू नये. त्यात स्टेरॉइड असेल तर नायटा आणखी पसरतो. थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.