नकाशा आणि एक्स-रे

कोळसा खाणीतला अपघात म्हटलं की आधी स्फोट आठवतो. तशी कारणंही आहेत. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते, आणि उडालेली कोळशाची धूळ तो जाळ पुढे नेते. चिनाकुरी (१९५८) आणि धोरी (१९६५) इथे हेच घडलं. एकट्या धोरीत २६८ माणसं गेली. छत कोसळून एक-दोघे दगावणं तर नित्याचंच. रूफ बोल्ट आले, वायुवीजन सुधारलं, दगडाची भुकटी पसरून धूळ निष्प्रभ करता येऊ लागली, तसे हे धोके पुष्कळ आटोक्यात आले.

पाण्याचं मात्र निराळं. १० डिसेंबर १९५४ला छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखलीत पाणी शिरून ६३ जण मेले. १८ नोव्हेंबर १९७५ला आपल्या नागपूरजवळच्या सिल्लेवाड्यात १० जण गेले. पुरते सहा आठवडेही उलटले नव्हते, तोच २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाल्यात जुन्या कामात साठलेलं पाणी फुटलं आणि सुमारे पावणेचारशे कामगार बुडाले. २००१मध्ये बागडिगीत शेजारच्या बंद खाणीच्या पाण्याने २९ बळी घेतले. जुनं पाणी ६० मीटरच्या आत असेल तर परवानगीवाचून पुढे जायचं नाही, आधी भोकं पाडून अंदाज घ्यायचा, असा नियम आहे. पण पाणी नेमकं कुठे आहे, हे नकाशाच सांगतो. खाण सोडून जाणाऱ्याने तो अर्धवट ठेवला, की नियमाचा आधारच जातो.

दुसरा मृत्यू सावकाश येतो. बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचते आणि न्यूमोकोनिओसिस होतो; धुळीत सिलिका असली तर सिलिकोसिस, आणि त्याच्यासोबत क्षयाचा वाढलेला धोका. गेलेलं फुप्फुस कुठल्याही औषधाने परत मिळत नाही. वेळीच निदान करून माणसाला धुळीतून हलवणं एवढंच हाती असतं. हा रोग कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, भरपाईस पात्र रोगांच्या यादीतही तो आहे. पण त्याची नोंद व्हायची तर एक्स-रे नीट निघायला हवा, आणि तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचता येणारा डॉक्टर हवा. नाहीतर ‘जुना दमा’ किंवा ‘टीबी’ म्हणून माणूस घरी जातो. ठेकेदाराकडचा कामगार तर खाणी बदलत राहतो. त्याची जुनी फिल्म कुणाकडेच नसते. निवृत्तीनंतर धाप लागून गेलेला माणूस अपघातांच्या आकडेवारीत येत नाही.

म्हणून सुरक्षेचा हिशेब हेल्मेट आणि बुटांपाशी थांबवून चालणार नाही. बंद झालेल्या प्रत्येक खाणीचा तपासलेला नकाशा शेजारच्या खाणीला मिळाला पाहिजे. कामगाराला, मग तो कायम असो की ठेक्यावरचा, त्याच्या प्रत्येक तपासणीची प्रत हातात मिळाली पाहिजे, आणि ही तपासणी निवृत्तीनंतरही चालू राहिली पाहिजे. यात नव्या यंत्राची गरज नाही. दप्तर चोख ठेवण्याची आहे, आणि ते न ठेवणाऱ्याला जाब विचारण्याची.